एका रात्रीला एक एकर कापूस: आई-बाबांना वाळवंटातल्या रिसॉर्टवर नेलं त्याची गोष्ट

काळी_माती

राम राम मंडळी. दिवाळीत इथंच विचारलं होतं, आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत, कुठं नेऊ? निम्म्यांनी काशी सांगितली, निम्म्यांनी महाबळेश्वर. मी दोन्ही ऐकलं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघांना जैसलमेरच्या पुढं, गावापासून दूर, माळावरच्या एका महागड्या तंबूच्या रिसॉर्टवर घेऊन गेलो. दोन रात्री. तेव्हा सल्ले देणाऱ्यांचं देणं लागतो म्हणून सविस्तर लिहितोय. रिसॉर्टचं नाव विचारू नका. एकदोन तक्रारी आहेत, आणि माणसं चांगली होती, उगाच नको.

आधी आमचं सांगतो. घर यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरचं जंगल मागच्या अंगाला. नऊ एकर कोरडवाहू, त्यातल्या दोन एकराला विहिरीचं ओलित. मी पुण्यात नोकरीला. बाबा गेली पस्तीस वर्षं हिवाळाभर वावरात जागल करतात. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं येतात, वरून रोही, म्हणजे नीलगायी. रात्री मचाणावर, हाताशी टॉर्च, फटाके आणि डबा वाजवायला काठी. 2018 ला अवनी वाघिणीची दहशत होती त्या वर्षीही ते जात होते, फक्त चौघं मिळून. म्हणजे या माणसाला 'निवांत, एकांत, निसर्गाच्या कुशीत' असलं काही विकायचं तर कठीणच.

नागपूरहून रेल्वेनं जोधपूर, पुढं भाड्याची गाडी. जोधपूर ते जैसलमेर साधारण 280 किलोमीटर, रस्ता सरळसोट आणि उत्तम. वाटेत पोखरण लागतं. बाबांनी गाडी थांबवून पाटीसोबत फोटो काढून घेतला, तिथल्या अणुचाचण्यांची दोन्ही सालं, 1974 आणि 1998, त्यांना तोंडपाठ.

रिसॉर्टवर पोचलो तर गळ्यात हार, हातात कसलंसं थंड सरबत, आणि बॅटरीवरची बग्गी. तंबू म्हणजे नावाला तंबू. आत पलंग, हीटर, दगडी न्हाणीघर, आणि तंबूच्या मागं स्वतंत्र छोटा पोहण्याचा तलाव. आई बग्गीत बसायला तयार नव्हती, "मी काही नवरी आहे का?" म्हणे. शेवटी बसली आणि दोन दिवस उतरायला तयार नव्हती.

मग झाला घोटाळा. स्वागतकक्षातल्या पोरानं कागद सहीसाठी माझ्याऐवजी बाबांपुढं सरकवला. 33 हजार, अधिक 18 टक्के जीएसटी. एका रात्रीचे 39 हजार पडले. बाबा काही बोलले नाहीत. तंबूत आल्यावर पलंगाच्या कडेला बसून बोटांवर हिशेब केला. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110. आमच्या वावरात एकरी पाच क्विंटल निघाला तर बाबा त्या वर्षाला चांगलं म्हणतात.

"एका रातीले एक एकर," ते म्हणाले. "दोन राती म्हंजे दोन एकर. तेही खर्च न धरता."

मग मागच्या दारानं बाहेर जाऊन तलाव बघून आले. पावलांनी लांबी-रुंदी मोजली, काठीनं खोली. "हजार-बाराशे पंप होतील." (शहरातल्यांसाठी: पंप म्हणजे पाठीवरचा फवारणीचा, पंधरा लिटरचा. बाबांचं पाण्याचं माप तेच.) त्या तलावात दोन दिवस कुणीही उतरलं नाही. आईनं संध्याकाळी काठावर बसून पाय सोडले, तेवढंच.

पहिल्या रात्री दोन गमती. जेवून आलो तर आई पांघरूण वर करून किंचाळली, "अंथरुणात मांजर हाय!" थंडीचं म्हणून त्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी लोकरीच्या पिशवीत घालून ठेवली होती. दुसरी गंमत नव्हे खरं तर. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली, शेजारच्या तंबूबाहेर उजेड दिसला. बाबा ब्लँकेट गुंडाळून खुर्चीवर बसलेले, टॉर्च हातात.

"काय करता बाबा?"

"ऐकतो."

"काय ऐकता? इथं काय आहे?"

"सवय हाय नं."

तंबूत मोबाईलला रेंज नव्हती, वायफाय फक्त स्वागतकक्षात. घरी जागलीला काकांना ठेवलं होतं आणि फोन लागत नव्हता, हे त्यांचं खरं दुखणं.

बाकीचं प्रतिसादांमध्ये लिहितो, जेवायला हाक आलीय.

धुरकरी

लेका, तू बापाले तंबूत झोपवाले 39 हजार देल्ले? आमच्या वावरात ये, मचाण हाय, गोधडी हाय, डुकरं फुकट दाखवतो. सकाळी कोरा चहा वरून. बाकी लिहिलं मस्त. पुढचं टाक लवकर, मी इथंच बसलो हाय.

सुलूताई

आई बग्गीतून उतरेना हे वाचून खूप हसले. पण खाण्याचं काहीच नाही लिहिलंत? त्या बाजूला केर-सांगरी म्हणतात ती खाल्लीत का? मला अमरावतीत एका मारवाडी मैत्रिणीकडं मिळाली होती एकदा, लोणच्यासारखी लागली.

काळी_माती

सुलूताई, खाण्यावर आईचीच सत्ता होती, म्हणून तिच्याच शब्दांत सांगतो. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. आईला हे कळलं तेव्हा तिनं हात जोडले आणि मग खाल्लं. "दसऱ्याले पुजतो ते झाड हे लोक भाजीत टाकतात." त्यांच्यासाठी ते झाड देवही आहे आणि चाराही. शेतात खेजडी उभी ठेवतात, तिच्याखाली बाजरी चांगली येते असं तिथला प्रत्येक माणूस सांगतो. शेंगवर्गी झाड असल्यानं नत्राचं काम करत असणार. जोधपूरजवळ खेजडलीत 1730 मध्ये ही झाडं तोडू नयेत म्हणून 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला, हे वाढणाऱ्या पोरानंच सांगितलं. आई मग बराच वेळ गप्प होती.

गट्ट्याची भाजी आली. आईनं एक घास घेतला. "ही तर पाटोडीची बहीण." मग बाटी आली, अंगणात गोवऱ्या पेटवून, पांढरी टोपी घातलेला आचारी, पाहुणे भोवती उभे राहून व्हिडिओ काढतायत. आई माझ्या कानाशी: "रोडगे पाहाले एवढे पैसे घेतात?" त्या आचाऱ्याला तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडं सोबत वांग्याची भाजी करतात. त्यानं दुसऱ्या दिवशी खरंच केली! चव वेगळी होती, पण आई ते गावभर सांगते आहे.

खरं_बोलू_का

माफ करा, पण खटकलं. आपल्या भागात कर्जापायी काय काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच घरातल्या मुलानं दोन रात्रींना 78 हजार उडवायचे आणि वर इथं मांडायचे? त्या पैशात ठिबकचा संच झाला असता, नाही तर निदान हरभऱ्याला कुंपण.

वर्धेची_लेक

@खरं_बोलू_का, आपल्या माणसांनी आयुष्यभर वावरातच मरावं असा नियम आहे का? माझे वडील गेले. वर्धा, सेवाग्राम आणि एकदा पंढरपूर, एवढीच त्यांची दुनिया. ठिबकही झालं आमच्याकडं, तेही वडील गेल्यावर. धागा काढणाऱ्यानं पैसे कसे खर्च करावे ते त्याला ठरवू द्या.

धुरकरी

दोघंही खरं बोलून राहिले. पण कुंपणाची गोष्ट काढली म्हणून सांगतो, झटका मशीन लावली तरी डुक्कर जाते आतमधी. मी लावली हाय.

काळी_माती

@खरं_बोलू_का, राग नाही. मीही हा विचार करूनच बसलो होतो, म्हणून बाबांना खोटं सांगितलं होतं की अर्धे पैसे कंपनीनं दिले. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुया कंपनीले सांग, पुढच्या वर्षी पेरणीच्या वक्ती देत जाय." कळलं होतं त्यांना. पेरणीला पाठवतोच मी, यंदा जास्त पाठवीन.

आता दुसरा दिवस. सकाळी उंटाची फेरी, तिचे वेगळे पैसे. वाळूच्या टेकडीवर दोघांसाठी खासगी जेवण, त्याचे वेगळे 14 हजार. ते मी नाकारलं. बुकिंगच्या वेळी 'सर्व समाविष्ट' म्हणून सांगितलं होतं, ही माझी पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की वाळूच्या टेकड्या तिथं नव्हत्याच. जैसलमेरभोवती बहुतेक जमीन खडकाळ, खुरटी झुडपं, पिवळट दगड. चित्रातल्यासारख्या टेकड्या बघायला समला जावं लागतं, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, आणि तिथं संध्याकाळी जीपगाड्या आणि डीजे. खुहडीच्या बाजूला शांत आहे म्हणतात. रिसॉर्ट निवडताना 'वाळवंटात' एवढ्यावर जाऊ नका, टेकड्या किती लांब ते विचारा.

बाबांना टेकड्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी रात्रपाळीचा एक म्हातारा चौकीदार गाठला होता. पहिल्या रात्री दोन वाजता टॉर्च दिसली म्हणून तोच बघायला आला होता. दोघांची हिंदी दोन टोकांची, पण जमलं. "इधर क्या बोते जी?" "बाजरी, ग्वार. पानी हो तो चना." चना ऐकल्यावर बाबांनी खुर्ची पुढं ओढली.

त्या माणसानं दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसवून बाबांना दहाएक किलोमीटरवर एक खडीन दाखवायला नेलं. रिसॉर्टच्या यादीत असलं काही नव्हतं आणि त्यानं एक रुपया घेतला नाही. उताराला आडवी लांबलचक मातीची पाळ घातलेली. पावसाळ्यात आजूबाजूच्या खडकाळ माळावरचं पाणी वाहत येऊन पाळीमागं साठतं. जास्तीचं सांडव्यातून पुढं. बाकीचं हळूहळू जिरतं, आणि पाणी ओसरलं की त्या ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरतात. वर एक थेंब द्यायचा नाही. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकात हे बसवलं म्हणतात. ओसाड पडलेलं कुलधरा गाव त्यांचंच. जैसलमेरला वर्षाला पाऊस 200 मिलिमीटरच्या आत. आमच्याकडं नऊशेच्या घरात.

बाबा परत आले ते बोलतच. "हरबरा हाय. डोयानं पाह्यला. माया वावरातल्यापेक्षा बरा हाय!" ओलीवरचा हरभरा आम्हीही काळ्या मातीत घेतो, पण दोनशे मिलिमीटरवर? जेवताना त्यांनी टिश्यू पेपरवर पाळीचा उतार काढून दाखवला. तो कागद आईनं पिशवीत ठेवलाय.

बोडीवाला

खडीनबद्दल वाचून राहवलं नाही. मी भंडाऱ्याचा. आमच्या पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आणि बोड्या (छोटे तलाव) आहेत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळीकडं. कोहळी समाजानं बांधलेले कित्येक तलाव. पण आमचं उलटं आहे. आम्ही पाणी वर अडवतो आणि पाट काढून खालच्या धानाला सोडतो. खडीनमध्ये जिथं पाणी अडवलं तिथंच पीक. आमच्याकडं तलावाच्या पोटात उन्हाळ्यात 'गाळपेर' करतात, ती त्याच्या जवळची म्हणता येईल. तुमच्या बाबांना सांगा, कधी इकडं या, पाळी-सांडवे मी दाखवतो. एका रात्रीला एक एकर लागणार नाही, एक कुडव तांदूळ उलट घेऊन जा.

चांदा_47

माझं नाव बघून कळलं असेलच, मी चंद्रपूरचा. वाळवंट वगैरे ऐकून आम्हाला घाम फुटत नाही, घरीच फुटतो. मे महिन्यात जाऊन या म्हणावं, खोल्या स्वस्त असतील!

काळी_माती

@चांदा_47, बरेच तंबूवाले उन्हाळ्यात बंदच ठेवतात, त्यामुळं स्वस्तही मिळणार नाही. आणि चंद्रपूरचा अभिमान बाजूला ठेवा, फलोदीला 19 मे 2016 ला 51 अंश झालं होतं. आमच्या वाटेवरून फार लांब नाही ते. पहिला नंबर त्यांचाच.

चांदा_47

51? बरं, माघार. पण आमच्याकडं दमटपणा वरून आहे, तो धरा.

माळढोक दिसला का? वरोऱ्याकडं लहानपणी आम्ही बघायचो, आता नाव घ्यायची सोय नाही.

काळी_माती

नाही दिसला. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राज्यपक्षी आहे. डेझर्ट नॅशनल पार्कात आहेत, पण आता देशात मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत, आणि विजेच्या उंच तारांना धडकून मरतात हा मोठा प्रश्न. तिकडं पवनचक्क्या आणि सौर पॅनेल नजर जाईल तिथवर.

अकोल्याचा_दुबईकर

मी दुबईत चौदा वर्षं. बायकोच्या हट्टापायी एकदा 'अल महा'ला राहिलो होतो. तेही असंच, शहरापासून तासाभरावर, दुबईच्या वाळवंट राखीव क्षेत्रात. ते क्षेत्र 225 चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी कुंपण. रिसॉर्ट 1999 मध्ये सुरू झालं. प्रत्येक खोलीला स्वतःचा तलाव, म्हणजे तुमच्यासारखाच प्रकार, पण वाळू खरीखुरी दारात. मजा अशी की ऑरिक्स नावाचं हरणासारखं जनावर, पांढरं, सरळ लांब शिंगांचं, सकाळी थेट तुमच्या तलावावर पाणी प्यायला येतं. 1972 मध्ये हे जंगलातून संपलं होतं. मग प्राणिसंग्रहालयांतल्या कळपांतून वाढवून 1982 मध्ये ओमानला पुन्हा मोकळं सोडलं, तिथून पुढं इकडंही. लोक त्यासाठीच पैसे मोजतात. मी काढलेला त्याचा फोटो अजून घरात लावलेला आहे.

काळी_माती

@अकोल्याचा_दुबईकर, हे बाबांना वाचून दाखवलं. बाबा: "त्याइच्याकडे जनावर आलं तं पैसे भेटतात, आमच्याकडे आलं तं पैसे जातात. रोही पाठवून द्या म्हणा तिकडे चारपाच."

वर्धेची_लेक

बाबांना माझा नमस्कार सांगा! संध्याकाळी गाणंबिणं असतं ना तिथं? की तेही वेगळ्या पैशात?

काळी_माती

गाणं फुकट, आणि सगळ्यात भारी. मांगणियार. पिढ्यानपिढ्या गाणारी मुसलमान घराणी, पण यजमान बहुतेक हिंदू राजपूत. त्यांच्याकडं जन्म असो, लग्न असो, हेच गाणार. कमायचा नावाचं गजानं वाजवायचं वाद्य, आणि खडताल, म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत. दहा-बारा वर्षांचा एक पोरगा खडताल वाजवत होता, बोटं दिसत नव्हती. बाबा आमच्या गावच्या खंजेरी भजन मंडळात आहेत, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले. त्यांचा हात गुडघ्यावर आपोआप चालू झाला. संपल्यावर त्या पोराची खडताल मागून घेतली आणि वाजवायला गेले. जमलं नाही. पोरगा हसला, बाबाही हसले. त्यांचं बक्षीस मी पाचशे काढलं होतं, बाबांनी स्वतःच्या खिशातून पाचशे घातले.

आता त्या रात्रीचं, ज्यासाठी खरं तर धागा काढला.

संध्याकाळी स्वागतकक्षातल्या वायफायवरून काकांना फोन लागला. डुकरं आली होती, दोन सऱ्या खाल्ल्या, बाकी ठीक. बाबा म्हणाले बरं. मला वाटलं आता रात्रभर तळमळणार. नऊ वाजता झोपले. दोनला मी मुद्दाम उठून बघितलं, बाहेर खुर्ची रिकामी, चौकीदार लांब शेकोटीशी. वर आभाळ असं की टॉर्चची गरज नाही. तिकांडं (मृगातले तीन तारे) पश्चिमेला उतरलेलं, म्हातारीची बाज आणि तिचे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, उत्तरेकडं वर चढलेले. थंडी सहा-सात अंश असेल.

सकाळी साडेआठला आई माझ्या तंबूशी आली, चेहरा उतरलेला. "तुये बाबा उठून नाई राहिले." मी धावलो. बाबा उताणे, तोंड उघडं, घोरत होते. आईनं म्हणे आधी नाकाशी हात धरून बघितला होता. 40 वर्षांत त्यांना उन्हं अंगावर येईस्तोवर झोपलेलं तिनं फक्त तापात बघितलंय.

आम्ही दोघं बाहेर बसलो. चहा आला, परत पाठवला, कपांचा आवाज नको म्हणून. दहाला उठले. "काऊन नाई उठवलं?" म्हणून आईवर ओरडले.

सुलूताई

आईनं चहा परत पाठवला... इथं थांबले मी जरा.

खरं_बोलू_का

माझा वरचा प्रतिसाद काढत नाही, पण ठिबकचं जाऊ द्या. माझ्या वडिलांना न्यायचं झालं तर कोणत्या महिन्यात जावं? सत्तरी पार आहे, गुडघे दुखतात. आणि एवढे पैसे नाहीत माझ्याकडं.

काळी_माती

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत रात्री फार गारठा, म्हाताऱ्या माणसांना फेब्रुवारी बरा, स्वेटर आणि कानटोपी मात्र हवीच. गुडघ्यांसाठी: उंट टाळा, बसताना-उठताना जोरात हिसका बसतो. तंबू स्वागतकक्षाजवळचा मागा. खोलीचं भाडं 7500 च्या वर गेलं की कर 18 टक्के लागतो, त्याखाली बराच कमी, म्हणून साधा तंबू घेतलात तर दुहेरी वाचेल. खडीन बघायला कुठल्याच दराचा तंबू लागत नाही. जेवणात काय काय धरलंय ते लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.

धुरकरी

बाबा वापस आल्यावर जागलीले गेले का नाई?

काळी_माती

त्याच रात्री. रेल्वेतून उतरून, घरी पिशवी टाकून. पण एक झालंय. त्या चौकीदारानं बाबांचा नंबर घेतला होता, आणि तो रात्रपाळीत कधीकधी फोन करतो. दोघंही जागे असतात ना. परवा मी घरी होतो, रात्री एकला बाबांचा मोबाईल वाजला, मचाणावर मीही सोबत होतो. पलीकडून पहिला प्रश्न:

"सूअर आए क्या?"

"नहीं जी," बाबा म्हणाले. "तुम्हारे इधर ठंडी कितनी?"